राखेनं घासलेली किटली

माझ्या आत्यासारखी किटली घासणारी बाई आमच्या गावात दुसरी नव्हती. तिचा घात त्या घासण्यानंच केला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. घात मी केला. एकदा तोंड मिटून आणि एकदा तोंड उघडून. बायको म्हणते, वय झालं तसा तुमचा चिडखोरपणा वाढलाय. वाढलाय खरा. पण त्यातला निम्मा राग कुणावरचा आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. इथं सांगतो.

आमचं गाव तेरच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. आमची वस्ती ओढ्याच्या ह्या बाजूला, बाकी गाव त्या बाजूला. आमचं घर बौद्ध. छपन्न सालानंतर आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आत्या परकरी पोर होती. लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, आणि ती माहेरी येऊन राहिली ती कायमची. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी नऊ वर्षांचा. कामावर सुकडी, म्हणजे गोड भाजकं पीठ वाटायचे, ती स्वतःच्या वाट्याची पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि मला म्हणायची, "मला न्हाय आवडत ती, गोड लई आसती." मला ते खरं वाटायचं. माणसाला गोड कसं आवडत नाही, याचं मला नवल वाटायचं, एवढीच माझी अक्कल.

तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणायचो, आमच्याकडं थोरल्यांना तसंच म्हणतात. पण मनात ती मला आईसारखी 'तू'च होती, म्हणून इथंही 'ती'च लिहितो.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली आणि एका योजनेतून आत्याला म्हैस मिळाली. सोसायटीची पद्धत अशी: प्रत्येकानं आपापल्या किटलीतून दूध आणायचं, सेक्रेटरी ते मापून मोठ्या कॅनात ओतणार, आणि कॅन टेम्पोतून उस्मानाबादच्या शीतकरण केंद्राला जाणार. सगळ्या गावाचं दूध एका कॅनात. पण आमच्या वस्तीतली आत्या पहिल्यांदा किटली घेऊन गेली तेव्हा तिचं दूध दाराशी ठेवलेल्या एका पोचा आलेल्या धाकट्या कॅनात ओतलं गेलं. कारण काय, तर मोठ्या कॅनात जागा नाही. दुसऱ्या दिवशीही जागा नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्याच्या मागून आलेल्यांचं दूध त्याच कॅनात खुशाल मावत होतं. कुणी कुणाला काही बोललं नाही, आणि न बोलता सगळ्यांना सगळं कळलं होतं.

आत्या भांडली नाही. भांडणारी नव्हती असं नाही, वस्तीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण तिथं ती किटली घेऊन दारात नुसती उभी राहायची. "मोठ्या कॅनात जागा झाली की सांगा," म्हणायची, "म्या हाय हितं." टेम्पोवाला हॉर्न वाजवून बेजार. दूध तापायला लागायचं, सेक्रेटरी घड्याळ बघायचा. शेवटी रोज पोचा आलेल्या कॅनातच ओतावं लागायचं, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. असं महिना-दीड महिना चाललं. मग एका सकाळी टेम्पोला उशीर झाला होता, सेक्रेटरी वैतागला होता, त्यानं तिच्या हातातली किटली घेतली आणि मोठ्या कॅनात पालथी केली. संपलं. दुसऱ्या दिवसापासून तसंच. गावात त्याची कुठं चर्चा झाली नाही, पण आमच्या वस्तीत त्या दिवशी आत्यानं सगळ्यांना खरवस असल्यासारखा चहा पाजला, म्हणजे नुसत्या दुधाचा.

तेव्हापासून ती किटली घासायला लागली. चुलीतली राख चाळून घ्यायची, काथ्याचा बोळा करायचा आणि आतून-बाहेरून अशी घासायची, की ॲल्युमिनियमच्या किटलीत तोंड बघावं. मी एकदा म्हटलं, "आत्या, बाहेरून कशाला घासता? दूध आत असतं." ती म्हणाली, "आत कोन बघतंय रं? लोक भाईरनं बघत्यात. आपल्या दुधात कुनाला काडी घावली न्हाय पायजे." मी तेव्हा औरंगाबादला पदार्थविज्ञान शिकत होतो. असली वाक्यं मला अडाणीपणाची वाटायची.

शिकून मी पुण्याला एका संशोधन संस्थेत लागलो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमच्या गटानं एक यंत्र बनवलं होतं, रेघांचं लेबल वाचणारं. आज दुकानात साबणाच्या वडीवर सुद्धा त्या काळ्या रेघा असतात, त्या काळी आपल्याकडं कुणी त्या बघितल्याही नव्हत्या. लेसरचा किरण रेघांवरून फिरवायचा, काळी रेघ उजेड गिळते, मधली पांढरी जागा तो परत पाठवते, त्यावरून आकडा कळतो. आमच्या यंत्राची खुबी त्यातल्या काचेच्या तबकडीत होती. तबकडीवर जिलेटिनचा थर, थरात लेसरच्याच उजेडाची नक्षी टिपलेली. तिलाच होलोग्राम म्हणतात. तबकडीचे भाग पाडलेले होते आणि प्रत्येक भाग किरणाला वेगळ्या दिशेनं वळवायचा. तबकडी गरगर फिरली की एका किरणाचं लाल रेघांचं जाळं व्हायचं. मग लेबल उभं धरा, आडवं धरा, तिरकं धरा, कुठल्या ना कुठल्या रेघेत ते सापडायचंच. सापडलं की 'टीं' असा आवाज आणि पाटीवर लाल आकडे. त्या तबकडीचे चार भाग मी माझ्या हातानं तयार केले होते. मला त्याचा कोण गर्व.

यंत्र प्रयोगशाळेत चाललं, आता ते बाहेर, धुळीत आणि गर्दीत चालवून बघायचं होतं. आमचे साहेब तमिळ, शांत माणूस, मराठी त्यांना जेमतेम कळायची. ते म्हणाले, जिथं रोज एकाच वेळी रांग लागते अशी जागा बघा. मी पटकन म्हटलं, आमच्या गावातली दूध सोसायटी. रांगेत सेक्रेटरी एकेकाला सभासद नंबर विचारत बसतो, त्याऐवजी किटलीच नंबर सांगेल. कल्पना वाईट नव्हती. पण माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. ओढ्याच्या ह्या बाजूचा पोरगा जीपमधून यंत्र घेऊन येतोय, हे गावानं बघायला हवं होतं.

पंधरा दिवसांची चाचणी ठरली. सोसायटीचे चेअरमन खूश. आई-वडील त्या दिवसांत माझ्या पुण्याच्या खोलीवर होते, घरी आत्या एकटीच होती, म्हणून मी तिच्याकडंच उतरलो. प्रत्येक सभासदाच्या किटलीवर मी स्वतः लेबल चिकटवलं, वरून पातळ वार्निशचा हात मारला. सगळ्यांना सांगितलं, लेबलाला पाणी लागलं तरी चालेल. घासू नका, असं सांगायचं मला सुचलं नाही. किटली बाहेरून राखेनं घासणारी गावात एकच बाई होती आणि तिच्याच घरी मी जेवत होतो, तरी सुचलं नाही.

पहिल्या सकाळी सगळं गाव सोसायटीत. तबकडी फिरली, काचेतून लाल उजेड आला, एकेक किटली पुढं येऊ लागली, टीं, टीं, टीं. आत्याची किटली वाजली तेव्हा ती मागं वळून बायांना म्हणाली, "बोलली बगा माज्यासंगं." सगळ्या हसल्या. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "ह्यो लाल दिवा नेमकं काय बघतोय म्हनायचा?"

आता मला सांगता आलं असतं की बाबा, तो रेघा बघतोय. पण सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला चेव चढला होता. मी म्हटलं, "दुधातलं पाणी बघतोय, बाबा. जपून राहा."

हशा झाला. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पुण्याच्या मशीनला दुधातलं पाणी दिसतं. निर्मळ दूध असलं की वाजतं, पाणी असलं की गप्प राहतं. रात्री जेवताना आत्यानं विचारलं तेव्हा मी तिलाही हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचं लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची डिग्री बघायची ती काचेची नळी, गावात पहिल्यांदाच सगळ्यांच्या दुधात चांगली डिग्री दाखवू लागलं. चेअरमननी मला बाजूला घेतलं. "तुमी बोललात ते बेस झालं. ऱ्हाऊ द्या तसंच. पंधरा दिवस दूध तरी निखळ यील." मी मान हलवली. चेअरमन मला 'तुमी' म्हणाले होते. माझ्या वडिलांना त्यांनी जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर मी विकला गेलो.

सहाव्या दिवशी जिल्ह्याहून अधिकारी आले, पुण्याहून साहेब आले. हार, नारळ, खुर्च्या. यंत्राला कुणीतरी हळद-कुंकू लावलं होतं, ते मी काचेवरून पुसून काढलं. रांग सुरू झाली. टीं, टीं. अधिकारी माना डोलवत होते. मग आत्या आली. पाहुणे येणार म्हणून तिनं किटली आदल्या दिवशी दोनदा घासली होती. तिनं ती काचेसमोर धरली.

यंत्र गप्प.

तिनं किटली जरा वळवली. गप्प. वर धरली, खाली धरली. लाल रेघा लेबलावर नाचत होत्या, मला दिसत होत्या. आणि लेबलही दिसत होतं. वार्निश खरवडून गेलं होतं, काळ्या रेघांवर काथ्याचे ओरखडे होते, मधली पांढरी जागा राखेनं करडी झाली होती. मला काय झालंय हे कळायला डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. 'लेबल खराब झालंय.' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. खरंच तयार होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "पानी हाय दुधात. मशीनला दिसतंय ते."

रांगेत कुजबूज सुरू झाली. साहेबांनी माझ्याजवळ येऊन इंग्रजीत हळूच विचारलं, का वाचत नाही? सहा दिवसांच्या राखेत लेबल जातं म्हटलं असतं, तर ते अधिकाऱ्यांसमोर यंत्राचं अपयश ठरलं असतं आणि लेबलं माझ्या हातची होती. मी इंग्रजीत म्हणालो, "ही बाई आपल्या चाचणीत नाही. चुकून रांगेत आली असेल." साहेबांनी मान हलवली आणि ते अधिकाऱ्यांकडं गेले. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. ते माझं नशीब, असं त्या क्षणी मला वाटलं, ही लाज मी कुठं ठेवू?

सेक्रेटरी तसा सरळ माणूस. त्यानं लॅक्टोमीटर आणलं, आत्याच्या दुधात सोडलं. डिग्री बरोबर आली. त्यानं ती मोठ्यानं वाचूनही दाखवली. पण तोच पहिल्या दिवशीचा म्हातारा म्हणाला, "मीठ टाकलं की डिग्री येतीया. दिवा कसा फसंल?" चार माणसं 'व्हय व्हय' म्हणाली. ह्यातली दोघं तरी अशी होती, की ज्यांना मोठा कॅन पहिल्यापासूनच सलत होता.

आत्या माझ्याकडं वळली. घरात मला 'लेकरा' म्हणणारी बाई लोकांसमोर म्हणाली, "सायेब, तुमी सांगा. पाच वर्सं घालती म्या दूध. तुमच्या मशीनला काय दिसलं ते तुमी सांगा."

मी म्हणालो, "नंतर बघू. रांग पुढं घ्या."

सेक्रेटरीनं कोपऱ्यातला पोचा आलेला कॅन ओढला. फडकी ठेवायला वापरत होते तो. फडकी काढली, कॅन विसळला आणि आत्याचं दूध त्यात ओतलं. ती बघत राहिली. मग रिकामी किटली घेऊन बाहेर पडली. पुढची किटली आली. टीं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती दारात बसली होती, किटली मांडीवर घेऊन. मला म्हणाली, "लेकरा, खरं सांग. तुजं मशीन चुकतं का?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. आम्ही दोघंच होतो. ना साहेब, ना चेअरमन, ना रांग. मी म्हणालो, "सहसा न्हाय चुकत."

तिनं किटली उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "धुतल्यावर बुडाला पानी ऱ्हायलं आसंल. माजीच चुकी आसंल. फडक्यानं पुसून न्हाय घेतली म्या." आणि ती उठली, चुलीतली राख चाळली, आणि किटली पुन्हा घासायला बसली. लेबलावरून काथ्या फिरत होता, तसतसा मी पायातल्या चपलेकडं बघत होतो. घासून झाल्यावर तिनं ती कोरड्या फडक्यानं पुसली आणि कुडाच्या मेढीवर, त्या लाकडी खांबावर, पालथी घातली, थेंब न थेंब निथळावा म्हणून.

पहाटे ती धार काढायला लोटा घेऊन गोठ्यात गेली, तेव्हा मी किटली घेतली. फडक्याला रॉकेल लावून जुनं लेबल खरवडून काढलं, डिंकाचे डाग पुसले, नवं लेबल चिकटवलं, वार्निश मारलं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. वाटलं, आज वाजेल, लोक विसरतील, आपल्याला बोलावंच लागणार नाही.

सोसायटीत आत्यानं किटली धरली. टीं. पहिल्याच खेपेला.

मी हसून लोकांकडं बघितलं. कुणी हसत नव्हतं. म्हातारा म्हणाला, "बगा. आज भिऊन पानी घातलं न्हाय, तर वाजलं. म्हंजी काल घातलंच हुतं."

झालं. माझ्या चोरट्या दुरुस्तीनं तिच्यावरचा आळ पक्का केला. काल निदान संशय होता, आज पुरावा झाला. आता खरं सांगायचं म्हणजे लेबल बदलल्याचं सांगायचं, म्हणजे काल मला माहीत होतं हे सांगायचं, म्हणजे दिव्याला पाणी दिसतं हेही मीच खोटं उठवलं ते सांगायचं. त्या दिवशी तर साहेबही नव्हते, पाहुणेही नव्हते. सगळी ओळखीची माणसं होती. मी वायर नीट करायला खाली वाकलो आणि वाकूनच राहिलो. चेअरमन म्हणाले, "काही दिवस येगळं ठेवू बाईचं. मग बघू." सेक्रेटरीनं पोचा आलेला कॅन ओढला. मी वर बघितलं तेव्हा आत्या माझ्याकडं बघत नव्हती. ती किटलीवरच्या लेबलाकडं बघत होती, आणि तिनं किटली नाकाशी नेली होती.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी पहिल्यासारखीच वागली. भाकरी थापायची, ठेचा करायची, पुण्यात भाजी काय भाव मिळते ते विचारायची. एकदा गोठ्याशेजारून जाताना माझं लक्ष मेढीवरच्या किटलीकडं गेलं. सगळी किटली लखलखीत होती. फक्त लेबल आणि त्याच्या भोवतालची चार बोटं जागा तिनं घासली नव्हती. तेवढा चौकोन मळून काळपट झाला होता. मी तिथंच उभा राहिलो. तिला मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. तिचं तिनं शोधून काढलं होतं, आणि ते घेऊन ती सोसायटीत गेली नव्हती, की मला जाब विचारायला आली नव्हती.

पंधरावा दिवस आला. यंत्र खोक्यात गेलं. जीप सोसायटीसमोर उभी राहायची होती म्हणून मी आत्याचा निरोप घरीच घेतला. तिनं भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली. मी पाया पडलो. ती म्हणाली, "भाकरी खायच्या आधी हात धू बरं का. राकेलाचा वास लई दिवस जात न्हाय."

मी फडकं हातात धरून उभा. रॉकेलला हात लावून आठ दिवस होऊन गेले होते. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी कसंबसं म्हणालो, "आत्या, मी सांगतो त्यांना." ती म्हणाली, "आता कामून? मशीन गेलं की खोक्यात. तुजी नोकरी नवी हाय. जा."

आणि मी गेलो. सोसायटीसमोर जीपमध्ये बसताना चेअरमननी माझ्या गळ्यात हार घातला. गावाबाहेर पडताना तो मी काढून पायाशी ठेवला, पण टाकून द्यायचीही हिंमत झाली नाही. भाकरी मी खाल्ली. हात धुऊन खाल्ली.

त्या यंत्राचं पुढं काही झालं नाही. बाहेरून स्वस्त आणि चांगली यंत्रं आली, आमची तबकडी कपाटात गेली. गावाकडं चेअरमनना पत्र लिहायला मी तीनदा बसलो. लिहून झालं की वाटायचं, पत्रात नको, पुढच्या खेपेला तोंडानंच सांगू. आणि पुढच्या खेपेला आत्याच म्हणायची, कशाला उगाच. मला तेच ऐकायचं असायचं. ती मात्र रोज सकाळी किटली घेऊन सोसायटीच्या दारात पुन्हा उभी राहायची, हे मला वस्तीतल्यांनी सांगितलं. तेच म्हणायची, मोठ्या कॅनात जागा झाली की सांगा. ह्या वेळी जागा झाली नाही. दीड-दोन वर्षांनी म्हैस आटली, ती तिनं विकली आणि दुसरी घेतली नाही. त्यानंतर चार वर्षांनी आत्या गेली. सोसायटी मोडली ती त्याच्याही नंतर, म्हणजे त्या सोसायटीच्या मोठ्या कॅनात तिचं दूध पुन्हा कधीच गेलं नाही.

गेल्या महिन्यात मी इथल्या मोठ्या दुकानात किराणा आणायला गेलो होतो. पैसे घ्यायला बसलेली मुलगी विशीतली असेल. एकेक वस्तू काचेवरून फिरवत होती, टीं, टीं. मी त्या आवाजाकडं लक्ष द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं, ते काही जमत नाही. माझ्या तूरडाळीची पिशवी वाजेना. तिनं ती वळवली, हातानं सरळ केली, पुन्हा फिरवली. माझ्या मागं रांग होती. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला आणि माझ्या पिशवीकडं संशयानं बघितल्यासारखं मला उगाचच वाटलं. मी म्हणालो, "राहू द्या, डाळ नको."

"अहो आजोबा, डाळ चांगलीये," ती मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "लेबल खराब झालंय." आणि तिनं आकडे हातानं टाकले.

मी पिशव्या घेऊन बाहेर आलो आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, कुठं जायचंय.